घर गळतंय, मग भाडं कमी द्यायचं का? बेळगावच्या एका भाडेकरू ताईंना उत्तर

ताई, तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शहापुरातलं जुनं कौलारू घर तुम्ही एप्रिलात भाड्यानं घेतलं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची खोली. भाडं महिना ९,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००, अकरा महिन्यांचा करार. तरण्या पावसात मागची खोली गळायला लागली आणि म्हाताऱ्या पावसात तिथली कॉट उचलून सोप्यात आणावी लागली. आता तीन महिने झाले, खोली बंदच आहे. मालक पुण्याला असतात, त्यांचे मेहुणे दर महिन्याला भाडं न्यायला येतात आणि "जुनं घर आहे, एवढं चालायचंच" म्हणून जातात. तुमचा मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टला शिकतो. तो म्हणतो, तिकडे घरात दोष निघाला की भाडं आपोआप कमी होतं, तर आईनंही पुढच्या महिन्यापासून ६,००० च द्यावेत. तसं करू का, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर आधी देते आणि मग कारणं सांगते. ६,००० देऊ नका. पण मुकाट्यानं ९,००० देत राहणंही थांबवा. या दोन्हींच्या मधे एक वाट आहे. ती कायद्यानं दिलेली आहे आणि बेळगावच्या कोर्टात ती टिकलेली मी पाहिली आहे. गेली सव्वीस वर्षं मी इथे दिवाणी वकिली करते आणि त्यातला निम्मा काळ घरभाड्याच्या भांडणांत गेला आहे. योग्य तक्रार असूनही माणसं घर घालवून बसतात, कारण ती भाडं आधी कापतात आणि कागद नंतर शोधतात. तुमचं तसं होऊ नये म्हणून थोडं लांबवून लिहिते.

मुलगा म्हणतो ते खोटं नाही. जर्मन दिवाणी संहितेचं कलम ५३६ असं आहे की घर ठरलेल्या वापराला योग्य राहिलं नाही, तर तो दोष असेल तेवढ्या काळापुरतं भाडं कायद्यानंच उतरतं. मालकाची परवानगी लागत नाही. अट एवढीच की दोष दिसल्यावर लगेच मालकाला कळवायचं, आणि दोष किरकोळ नसावा. शिवाय राहत्या घराच्या बाबतीत हा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही. पण तिथेही धोका आहे. अंदाज चुकून जास्त कापलं आणि थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी झाली, तर मालक करार तत्काळ संपवू शकतो. म्हणजे तिकडचा जाणकारही आधी लेखी कळवतो आणि जपून कापतो. मुलाला हे नक्की सांगा.

आपल्याकडे भाडं आपोआप उतरत नाही. इथे लागू होतो तो मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ सालचा. त्याच्या कलम १०८ मध्ये मालक आणि भाडेकरू यांचे हक्क आणि कर्तव्यं दिली आहेत. त्या कलमाची सुरुवातच अशी आहे की वेगळा करार किंवा स्थानिक रूढी नसेल तर पुढचे नियम लागू. जर्मनीत करार हक्काच्या वर चढू शकत नाही, आपल्याकडे चढतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारते: करार आणलाय का? दहातले सहा जण म्हणतात, मालकाकडेच आहे. ताई, तुमच्या कराराची प्रत तुमच्या हातात नसेल तर आजच मागून घ्या. निदान प्रत्येक पानाचा फोटो काढा.

करार वाचताना एक गोष्ट तपासा. आपल्या सीमाभागात कोल्हापूरहून किंवा पुण्याहून आलेला 'लीव्ह अँड लायसन्स'चा मसुदा सर्रास वापरतात. तुमचे मालक पुण्याचे आहेत, म्हणून तुमचाही तसाच असण्याची शक्यता मला वाटते. त्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याची कलमं छापलेली असतात. ती बेळगावातल्या घराला लागत नाहीत. घर कर्नाटकात, तर कायदा कर्नाटकातला. याचा इतिहासही सांगून टाकते, कारण जुनी माणसं अजून 'मुंबईचा कायदा' म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि १९४७ चा मुंबई भाडे कायदा इथे चालायचा. मग म्हैसूर राज्याचा १९६१ चा भाडे नियंत्रण कायदा आला, आणि त्याची जागा कर्नाटक भाडे कायदा, १९९९ यानं घेतली. तो २००१ च्या डिसेंबरअखेर अमलात आला. सीमेचा वाद आपल्या मनात कितीही जिवंत असला, तरी गळक्या छपराचा दावा या कायद्यांच्या चौकटीतच लढावा लागतो.

१९९९ च्या कायद्यात दुरुस्ती, पाणी-वीज तोडणं, भाड्याची फेरतपासणी यांच्या स्वतंत्र तरतुदी आहेत आणि जुन्या भाडेकरूंना त्याचं चांगलं संरक्षण मिळतं. पण तो सगळ्या घरांना लागत नाही. कायद्यात धरलेलं मासिक भाडं ठिकाणानुसार ३,५०० किंवा २,००० रुपयांच्या वर गेलं की घर त्याच्या बाहेर पडतं. गणपत गल्ली, मारुती गल्लीकडे तीस-चाळीस वर्षं त्याच घरात राहणारी, दोनशे-तीनशे रुपये भाडं भरणारी कुटुंबं आहेत. त्यांनी या कायद्याखाली अर्ज करावा, त्यांचा रस्ता वेगळा आहे. तुमचं ९,००० चं घर १८८२ च्या कायद्याखाली येतं असं धरून पुढचं लिहिते.

तुमच्या कामाचं पोटकलम म्हणजे १०८ (फ). सोप्या मराठीत त्याचा अर्थ असा: जी दुरुस्ती करायला मालक बांधलेला आहे, ती त्यानं नोटीस मिळाल्यावर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूनं ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, किंवा दुसऱ्या मार्गानं वसूल करावा. 'घराची किंमत कमी झाली म्हणून भाडं कमी' असं हे कलम म्हणत नाही. मालकाचं काम तुम्ही केलंत, त्याचे पैसे कापा, असं म्हणतं. मुलानं सुचवलेल्या ६,००० मध्ये आणि यात फरक आहे तो हा. ६,००० हा आकडा तुम्ही मनानं ठरवलेला आहे. गौंड्याच्या पावतीवरचा आकडा खर्चाचा आहे. न्यायाधीश पावतीवरच्या आकड्याला मान देतात.

आता 'बांधलेला आहे' या शब्दांवर थांबू या, कारण सगळं भांडण तिथेच होतं. हा कायदा मालकावर सरसकट दुरुस्तीचा बोजा टाकत नाही. तो बोजा करारातून यावा लागतो किंवा स्थानिक रूढीतून. तुमच्या करारात 'मोठी दुरुस्ती मालकाकडे, किरकोळ भाडेकरूकडे' असं वाक्य असेल तर तुमची बाजू भक्कम. 'सर्व दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी' असं असेल तर अवघड. आणि काहीच नसेल, जे बहुतेक करारांत असतं, तर रूढी सिद्ध करावी लागते. आपल्याकडे रूढी काय आहे? नळाचा वॉशर, बल्ब, कडी-कोयंडा भाडेकरू बघतो. छप्पर, भिंत, मोरीची मोठी पाइप आणि मीटरच्या पुढची वायरिंग मालक बघतो. मृगाच्या आधी कौलं चाळून घेणं, फुटकी बदलणं हे बेळगावात मालकच करत आला आहे. पण 'सगळ्यांना माहीत आहे' म्हणून कोर्ट मानत नाही. तुमच्या आधी त्या घरात कोण राहत होतं, शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्या वेळी गौंड्याला पैसे कुणी दिले? त्या गौंड्यालाच शोधा. "मालकानं दोन वर्षांपूर्वी मला बोलावून पैसे दिले" एवढं त्यानं सांगितलं तरी तुमचं निम्मं काम होतं.

आणि गळती नेमकी कुठून आहे ते आधी बघा. एक प्रसंग सांगते. खडक गल्लीतल्या अशाच एका घरात मी स्वतः शिडीवर चढून पाहिलं होतं. भाडेकरू म्हणत होते, कौलं फुटली. मालक म्हणत होते, मुलांनी चेंडू मारून फोडली, म्हणजे खर्च भाडेकरूचा. गौंड्यानं दोन उतारांच्या मधली कौलं उचलली, खालचा पत्रा बोटानं दाबला, तर बोट आरपार गेलं. "वकीलबाई, कौलं बरी हाईत. पन्हळ कुजलीया." दोन छपरं जिथे मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीला गंज लागून चाळणी झाली होती. वर्षानुवर्षांची झीज, मुलांच्या चेंडूचा काही संबंध नाही. गौंड्यानं तो गंजलेला तुकडा कापून माझ्या हातात दिला. मी तो पिशवीत घालून मालकाच्या वकिलांच्या टेबलावर ठेवला आणि प्रकरण तिथेच मिटलं. तुमच्या मागच्या खोलीचं पाणी आढ्याजवळून येतंय, भिंतीच्या वरून झिरपतंय, की शेजारच्या घराच्या उतारावरचं पाणी तुमच्या भिंतीवर पडतंय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिसऱ्यात शेजाऱ्यालाही पत्र द्यावं लागेल. गौंडी, सुतार किंवा ओळखीचा कुणी सिव्हिल इंजिनिअर असेल त्याच्याकडून चार ओळी लिहून, सही-तारखेसह घ्या: कारण काय, उपाय काय, खर्च किती.

त्यानंतर नोटीस. तोंडी सांगितलेलं, मेहुण्यांना सांगितलेलं, हे सगळं खरं असलं तरी पुरावा म्हणून कच्चं आहे. नोटीस मालकाच्या पुण्याच्या पत्त्यावर पोस्टानं, पोच मिळेल अशी पाठवा, आणि तीच व्हॉट्सअॅपवर मालकांना आणि मेहुण्यांना दोघांना टाका. वकिलाची गरज नाही, पहिली नोटीस तुमच्या हातची असलेली मला उलट बरी वाटते. मराठीत लिहा, कारण मालकाला ती वाचता आली पाहिजे. उद्या कोर्टात लागली तर भाषांतर करून जोडता येतं. मजकूर साधारण असा ठेवा:

"आपले शहापूर येथील घर मी एप्रिलपासून दरमहा ९,००० रुपये भाड्याने वापरते. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून मागील खोलीचे छप्पर गळत असून खोली वापरता येत नाही. हे मी आपल्या मेहुण्यांना वेळोवेळी सांगितले आहे. गौंड्याच्या म्हणण्याप्रमाणे छपराची दुरुस्ती आवश्यक असून त्याचा अंदाजे खर्च १३,५०० रुपये आहे. त्याचे पत्र आणि फोटो सोबत जोडले आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण दुरुस्ती सुरू करावी. न केल्यास मी ती करून घेईन आणि झालेला खर्च कायद्याप्रमाणे भाड्यातून वळता करून घेईन. आतापर्यंतचे सर्व भाडे मी भरलेले आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही थकबाकीदार नाही, हे त्या कागदावर असलंच पाहिजे. १३,५०० हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे, तुमच्या गौंड्याचा जो असेल तो घाला. पंधरा दिवस म्हणजे कायद्यातली मुदत नाही. कायदा 'वाजवी मुदत' एवढंच म्हणतो. कोसळत्या पावसात कौलं उघडता येत नाहीत, हे कोर्टही समजतं, म्हणून मालकानं "पाऊस उघडल्यावर करतो, तोवर ताडपत्री टाकतो" असं लेखी कळवलं तर थांबा. मात्र तारीख मागा.

फोटो काढताना नुसत्या भिंतीचा काढू नका. खोलीच्या दारातून पूर्ण खोली, मग भिंत, मग डाग, अशा क्रमानं काढा, म्हणजे ती कुठली भिंत हे पुढे कुणाला विचारावं लागणार नाही. एक व्हिडिओ पाणी पडताना, खाली बादली ठेवून, आवाजासह. १ जुलै २०२४ पासून नवा पुरावा कायदा लागू आहे. मोबाइलमधला फोटो कोर्टात द्यायचा तर त्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. म्हणून ज्या फोनवर काढलेत तो फोन विकू नका आणि मूळ फोटो पुसू नका. माझ्या एका पक्षकारानं जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला आणि आम्ही हातावर हात धरून बसलो.

मुदत संपली, मालक हलला नाही, तर दुरुस्ती करून घ्या. शक्य असेल तर दोन गौंड्यांचे दर घ्या आणि कमी असेल त्याला काम द्या. फक्त बिघडलं तेवढंच करा. छपराबरोबर मोरीत टाइल्स बसवून घेतल्या तर ती दुरुस्ती नाही, सुधारणा झाली, आणि तिचे पैसे कापता येणार नाहीत. सामानाचं बिल वेगळं, मजुरीची सही केलेली पावती वेगळी. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. समजा १३,५०० झाले. ते तीन महिन्यांत वळते करायचे तर महिना ४,५०० कापून ४,५०० भरायचे. एका दमात भाडं शून्य करू नका. कायदा अमुक हप्त्यांतच कापा असं सांगत नाही. पण दर महिन्याला मालकाच्या खात्यात काही ना काही भाडं जमा होत राहिलं, तर 'भाडं थकवलं' हा आरोप ठिसूळ होतो. प्रत्येक वेळी भरताना संदेश पाठवा: 'नोव्हेंबरचं भाडं ९,०००, दुरुस्तीपोटी वळते ४,५००, जमा ४,५००, शिल्लक वळती रक्कम ९,०००.' मालकानं भाडं घ्यायलाच नकार दिला तर बँकेत टाका, खातं माहीत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आल्याची पावती जपा.

आता मुलाच्या मूळ मुद्द्याकडे येते. तीन महिने खोली बंद होती, त्याचं काय? दुरुस्तीचा खर्च कापला तरी वापरता न आलेल्या जागेचं भाडं तुम्ही भरलंच. इथे लक्ष देऊन बघावा असा एक निकाल आहे. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कलकत्त्यातल्या एका फ्लॅटचं प्रकरण आलं होतं. तीन झोपायच्या खोल्यांपैकी एक खोली मालकानं ताब्यातच दिली नव्हती. भाडेकरूचं म्हणणं, मग मी काहीच देणार नाही. न्यायालयानं सांगितलं, बाकीचं घर वापरताय तर भाडं पूर्ण थांबवता येणार नाही, पण न मिळालेल्या भागाच्या प्रमाणात ते कमी धरता येईल. हा निकाल तुमच्या उपयोगाचा आहे, पण पूर्ण तुमचा नाही. तिथे खोली दिलीच नव्हती. तुमची खोली दिली आहे, ती गळते. समोरचा वकील याच फरकावर बोट ठेवणार.

म्हणून हा मुद्दा स्वतःहून कापण्यासाठी वापरू नका, बोलणीसाठी वापरा. घर ६०० चौरस फूट आणि मागची खोली १२० असेल, तर ती पाचवा हिस्सा झाली. ९,००० चा पाचवा हिस्सा १,८००, तीन महिन्यांचे ५,४००. मालकाला सांगा: दुरुस्ती तुम्ही करा, आणि हे ५,४०० पुढच्या भाड्यात धरा. त्यांनी हो म्हटलं तर दोघांच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी किंवा स्पष्ट 'मान्य आहे' असा संदेश घ्या. अशा संमतीनं भाडं कमी होणं हीच माझ्या अनुभवात सर्वांत टिकाऊ कपात. पुण्याचा मालक दर तारखेला बेळगावला येण्यापेक्षा पाच हजार सोडायला सहसा तयार होतो. नुसता आपला हट्ट 'पावसाळ्याची भरपाई' म्हणून सांगू नका, चौरस फुटांचा हिशेब पुढे ठेवा.

आणि डिपॉझिटमधून परस्पर वळतं करायचा विचार मनात असेल तर काढून टाका. 'शेवटचे पाच महिने भाडं देत नाही, डिपॉझिटात धरा' हे बेळगावात सगळे करतात आणि बहुतेक वेळा निभावतंही. पण मालकाशी वाद चालू असताना ते थकबाकी म्हणूनच मोजलं जातं.

"मालक घरातून काढतील" ही भीती तुम्ही दोनदा लिहिली आहे. ती मी हलकी करून सांगणार नाही. अकरा महिन्यांच्या मुदतीत, करारात तशी अट नसेल आणि तुम्ही भाडं भरत असाल, तर मधेच काढणं त्यांना कठीण आहे. मुदत संपल्यावर मात्र, तुम्ही तसेच राहिलात आणि ते भाडं घेत राहिले तर तुमचं भाडं महिन्या-महिन्याचं होतं, आणि १५ दिवसांच्या नोटिशीनं ते संपवता येतं. तुमची कपात कितीही न्याय्य असली तरी. हे वास्तव धरून चला. पण नोटीस म्हणजे हकालपट्टी नव्हे. बाहेर काढायला कोर्टाचा हुकूम लागतो. कुलूप बदललं, सामान बाहेर टाकलं, तर विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि त्यात मालकी कुणाची हे बघितलंच जात नाही. फीचा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुम्ही शिक्षिका आहात, पगार आहे, तरीही मिळतो. संकोच करू नका.

घर सोडायचं असेल तर एक वेगळा मुद्दा तुमच्या हातात आहे. तुम्ही घर एप्रिलात पाहिलंत, भिंतींना ताजा रंग होता असं लिहिलंय. कलम १०८ (अ) म्हणतं, घराच्या वापराला बाधक असा दोष मालकाला माहीत असेल, आणि भाडेकरूला साधी काळजी घेऊनही दिसण्यासारखा नसेल, तर तो सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. उन्हाळ्यात छप्पर गळताना कसं दिसणार? गेल्या पावसाळ्यातही खोली गळत होती, हे जुन्या भाडेकरूनं सांगितलं तर मुदतीआधी घर सोडून पूर्ण डिपॉझिट परत मागायला तुमच्याकडे भक्कम कारण आहे. रंगाचा पापुद्रा निघाला असेल तिथे बघा. खाली जुन्या ओलीचे पिवळे वेढे एकावर एक दिसले, तर तेही फोटोत घ्या.

एक गोष्ट मात्र भाड्याच्या हिशेबात बसत नाही. तुमचं घर मातीच्या भिंतींचं आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. शहापूर, वडगाव, खासबाग भागातली कितीतरी जुनी घरं तशीच आहेत, बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आत माती. भिंत फुगलेली दिसली, खालच्या बाजूला माती सुटू लागली, दार अचानक घासायला लागलं, तर नोटिशीची मुदत मोजत बसू नका. त्याच दिवशी त्या बाजूचं झोपणं-बसणं बंद करा आणि महापालिकेला लेखी कळवा. धोकादायक इमारतीबाबत आदेश द्यायचा अधिकार त्यांना आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात, बडाल अंकलगीला, पावसानं भिजलेली भिंत कोसळून सात जणांचा जीव गेला. पालिकेनं घर पाडायला लावलं तर आपला हक्क गेला, या भीतीनं जुने भाडेकरू तक्रारच करत नाहीत. तसं नाही. सांगलीतल्या एका पाडलेल्या इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं की बांधकाम गेलं म्हणून भाडेपट्टा आपोआप संपत नाही, जमीनही त्याचा भाग असते. आणि ऑगस्ट २०१९ सारखा पूर येऊन घराचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला, तर करार रद्द ठरवायचा की नाही हे १०८ (ई) खाली भाडेकरूनं ठरवायचं असतं, मालकानं नाही.

ज्यांनी घर महिना भाड्यानं न घेता लीजवर, म्हणजे एकरकमी चार-पाच लाख देऊन बिनभाड्याचं घेतलं आहे, त्यांनी हेही ध्यानात घ्यावं की त्यांच्याकडे कापायला भाडंच नसतं. त्यांनी नोटीस आणि दुरुस्ती वरच्यासारखीच करावी, पण खर्च मागून वसूल करावा लागेल. आणि असा करार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी हवीच. बिननोंदणीच्या करारातली दुरुस्तीची अट पुढे दाखवता येत नाही.

केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडे कायदा तुम्ही वाचल्याचं लिहिलंय. त्यात कपात महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको, अशा चांगल्या गोष्टी आहेत. पण राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो कायदा नाही, नमुना आहे. त्याचा आधार नोटिशीत घेऊ नका. निम्म्याची मर्यादा मात्र मी तुमच्यासाठी वर मुद्दाम पाळली आहे, ४,५०० चा आकडा म्हणूनच आला.

शेवटी तुम्ही विचारलंय की भिंतीतल्या कपाटातली मुलाची पुस्तकं आणि शिवणयंत्र भिजून खराब झालं, त्याचे पैसे मिळतील का. भाड्यातून मुळीच कापू नका, ती दुरुस्ती नव्हे. नुकसानभरपाई वेगळी मागावी लागेल, आणि त्यात कोर्ट दोन गोष्टी बघेल: मालकाला आधी कळवलं होतं का, आणि कळल्यावर तुम्ही सामान हलवलंत का. जुलैत पहिल्यांदा भिजलं ते मिळणं कठीण. नोटीस पोचल्यावर पुन्हा काही भिजलं तर ते मागता येईल. म्हणून नोटीस या आठवड्यात टाका, आणि कपाटात अजून जे काही आहे ते आजच सोप्यात आणून ठेवा. शिवणयंत्राची खरेदीची पावती सापडली तर कराराच्या प्रतीबरोबर त्याच फायलीत लावा.